दहापैकी नऊ

माणसाची खरी स्पर्धा स्वतःशीच असते. चारकोपच्या ‘प्रगती फिटनेस’मध्ये हे वाक्य आरशाच्या वरच्या कडेला लाल अक्षरांत चिकटवलेलं आहे. सुबोध तेरवणकर सहा आठवडे रोज सकाळी सव्वासहाला त्या वाक्याखाली उभा राहिला, आणि सहा आठवड्यांत त्याने त्या आरशात एकदाही स्वतःकडे बघितलं नाही. तो बघायचा उजवीकडे. तिथे राजेश मयेकर असायचा.

राजेश हा सुबोधचा साडू. सुबोधची बायको श्वेता, तिची धाकटी बहीण ऋतिका, तिचा नवरा राजेश. साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ असता तर लहानपणी एकदा तरी बडवून काढता आला असता. मित्र असता तर बोलणं टाकता आलं असतं. साडू मात्र दर सणाला समोरच्या ताटावर बसलेला असतो, आणि सासूच्या हातातला चमचा आधी कुणाकडे वळतो ते दोघांनाही दिसत असतं. गेली एकोणीस वर्षं तो राजेशकडे वळत होता. सुरमईची मधली तुकडी त्याला, शेपटीकडची सुबोधला. “तुम्हाला काटे छान काढता येतात,” असं सासूबाई, म्हणजे प्रेमाबाई, वर कौतुकाने म्हणायच्या.

राजेशला बोरिवलीत अठ्ठाविसावा मजला होता, छत उघडणारी गाडी होती, आणि पन्नाशी आली तरी डोक्यावर सगळे केस होते. सुबोधकडे चारकोप सेक्टर दोनमधला तिसरा मजला होता. लिफ्ट नव्हती. केसांचा विषय घरात निघत नसे.

एवढ्यावर भागलं असतं. पण जानेवारीत सासऱ्यांनी दोन्ही जावयांना बोलावून घेतलं.

दत्ताराम मांडवकर, वय शहात्तर. उमेदीची वर्षं लालबागच्या गिरणीत गेली, म्हातारपण चारकोपात चाललं होतं, आणि जीव खारेपाटणजवळच्या गावात अडकलेला होता. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात आली की घरच्या कर्त्याने पहिला खांदा द्यायचा आणि ढोलाच्या तालावर ती नाचवायची, हा मान. दत्तारामांनी तो पन्नास वर्षं चुकवला नव्हता. गेल्या साली दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता देवाला लांबूनच नमस्कार. मुलगा नव्हता. गावकऱ्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं की जावई चालेल. पण एकच, आणि त्याचं नाव आधी कळवायचं.

“माका दोनय जावय सारखे,” दत्ताराम म्हणाले. “पण पालखेखाली खांदो एकाचोच जातलो. पालखी नाचवची म्हणजे सेल्फी काढची नाय. जेचो दम चांगलो, तेचा नाव मी कळयतलंय.”

“दम कुणाचा चांगला, ते कोण ठरवणार बाबा?” राजेशने विचारलं. उत्तर आपल्याच बाजूचं असणार अशा सुरात.

“ता प्रियंका ठरयतला.”

प्रियंका खरात ही ‘प्रगती फिटनेस’मधली ट्रेनर. मानखुर्दची, एकोणतीस वर्षांची, राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली. नव्या गुडघ्यांवर दत्तारामांना तीन महिन्यांत जिना चढायला लावलं होतं तिने, त्यामुळे या घरात तिच्या शब्दाला डॉक्टरच्या वरचं स्थान होतं. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ती ‘काका’ म्हणायची. राजेशला ते पहिल्या दिवशी झोंबलं. सुबोधचा तो दिवस त्यामुळे बरा गेला.

त्याच पहिल्या दिवशी तिने दोघांना समोर उभं करून पाच मिनिटं आपली पद्धत समजावून सांगितली. कुणाला व्यायाम किती झेपतो हे ती कसं ओळखते, कार्डावर आकडा कसला लिहिते, सगळं. राजेश त्या वेळी ‘पहिला दिवस’ असा फोटो टाकत होता. सुबोध राजेशच्या बुटांकडे बघत होता. बूट नवे होते आणि त्यांच्या टाचेत हवेची खिडकी होती.

सुबोधच्या कानावर पडलं ते एवढंच की ट्रेडमिलवर चालताना ती मध्येच “काका, पत्ता?” असं विचारणार. आपण आपला पूर्ण पत्ता बोलायचा. ती ऐकणार, कानांचा रंग बघणार, डंबेल उचलताना शेवटच्या दोन खेपा किती रेंगाळल्या ते बघणार, आणि भिंतीवरच्या कार्डावर दहापैकी आकडा टाकणार.

दहापैकी. मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या कानात हा शब्द शिरला की मागचंपुढचं काही ऐकू येत नाही.

पहिले दोन आठवडे दोघांना एकच काम होतं. ट्रेडमिलचा वेग तोच, डंबेल पाच किलोचे. “आधी सारखं देऊन बघते,” प्रियंका म्हणाली. पहिल्याच दिवशी बाराव्या मिनिटाला तिने सुबोधसमोर उभं राहून विचारलं, “काका, पत्ता?”

सुबोधने एका दमात सांगितलं, “बी अकरा, तिसरा मजला, चारकोप सिद्धकला सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, प्लॉट नंबर एकशे अठरा, आरएससी सव्वीस, सेक्टर दोन, चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई चार लाख सदुसष्ट.” आणि ती अजून उभीच आहे असं बघून पुढे, “मार्केटच्या मागे, कुणालाही विचारा.”

ती हसली आणि कार्डावर चार लिहून गेली.

मग राजेश. माणूस वर चढत जातो तसा त्याचा पत्ता लहान होत जातो. राजेशचा तर एका ओळीत मावायचा. तरी त्याने “अठ्ठावीसशे तीन...” म्हटलं, तोंड उघडून दोनदा हवा घेतली, “ऑरे... ऑरेलिया...” म्हटलं, आणि बोरिवली येण्याआधी हाताने ‘थांब’ अशी खूण केली.

त्याच्या कार्डावर तिने सात लिहिले.

सुबोधने निषेध नोंदवला, पण घरी.

“सात! पत्ता पुरा आला नाही त्याला, आणि सात!”

“मग?” श्वेता डबा भरत होती.

“मग काय मग? मी पिनकोडसकट सांगितला. वर खूण सांगितली.”

“तुला काय कुरिअर येणारे?”

“श्वेता, ही थट्टा नाही. तुझ्या वडिलांचा मान आहे.”

“माझ्या वडिलांचा आहे ना? मग तू कशाला लाल होतोयस?”

रविवारी सासरी जेवायला बसल्यावर राजेशने, कुणी विचारलं नसताना, आपले सात जाहीर केले. “सात बरे,” दत्ताराम म्हणाले. प्रेमाबाईंनी मधली तुकडी उचलली. ती नेहमीच्या वाटेने गेली.

“चार पण वाईट नाहीत रे सुबोध,” राजेश तुकडी मोडत म्हणाला. “तुझ्या वयाला.”

सुबोध त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा होता.

दुसऱ्या दिवसापासून सुबोध अभ्यासाला लागला. पहाटे गॅलरीत उभं राहून तो छाती भरून घ्यायचा आणि आपला पत्ता खणखणीत म्हणायचा. आधी एकदा, मग एका श्वासात दीड वेळा. चौथ्या दिवशी समोरच्या खिडकीतून सुलक्षणा वहिनींनी डोकं बाहेर काढलं. “अहो भाऊजी, आम्हाला माहितीये तुम्ही कुठे राहता ते.”

तयारीचं फळ लगेच मिळालं. पुढच्या वेळी प्रियंकाने पत्ता विचारल्यावर त्याने तो असा म्हटला की शेजारच्या मशिनवरच्या बाई वळून बघायला लागल्या. “झकास, काका!” प्रियंका म्हणाली, आणि कार्डावर तीन लिहिले.

तीन.

त्या दिवशी सुबोधला खात्री पटली की इथे काहीतरी शिजतंय. मग तो बारकाईने बघायला लागला, आणि बारकाईने बघणाऱ्याला हवं ते दिसतंच. प्रियंका राजेशचं मनगट दोन बोटांत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. सुबोधचं मनगट तिने एकदाही धरलं नव्हतं. राजेशला ती विचारायची, “काका, झोप झाली का? काही खाऊन आलात ना? चक्कर वगैरे?” सुबोधला फक्त “चला काका, पुढे.” राजेशला ती मध्ये बाकावर बसवायची, पाणी द्यायची. सुबोधला बसायला सांगणं तर सोडाच, तिसऱ्या आठवड्यात तिने त्याचे पाचाचे डंबेल काढून साडेसातचे दिले आणि ट्रेडमिलला चढ लावला. राजेशचे मात्र पाचाचे चार केले.

सुबोधला शाळा आठवली. ‘ढ’ मुलांना जादा गृहपाठ आणि पहिल्या बाकावरच्याला फळा पुसायचा मान. फरक एवढाच की शाळेत तो स्वतः पहिल्या बाकावर असायचा, त्यामुळे त्या पद्धतीतला अन्याय तेव्हा त्याच्या लक्षात आला नव्हता.

“ती त्याची नाडी बघते,” त्याने श्वेताला सांगितलं.

“तुझी बघत नाही?”

“कधीच नाही.”

“तुला काय नाडी बघून हवीय का जिममध्ये? सरळ डॉक्टरकडे जा ना.”

“प्रश्न नाडीचा नाहीये गं!”

“मग कसला आहे?” श्वेताने विचारलं. प्रश्न कसला आहे हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला हौस होती. सुबोध आंघोळीला गेला.

सहावा आठवडा लागला. दत्तारामांनी कळवलं की रविवारी नाव द्यायचं आहे, दोघांनी शेवटची कार्डं दाखवावीत. राजेश तोवर सातावरून सहावर आणि सहावरून पाचावर आला होता, आणि त्याचं तोंड जरा उतरलं होतं. सुबोध साडेसात किलो आणि चढ सोसून कसाबसा पाचावर पोचला होता. म्हणजे बरोबरी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बरोबरी. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता.

गुरुवारी सकाळी प्रियंका कोपऱ्यात एका नव्या बाईंना न वाकता वजन कसं उचलायचं ते शिकवत होती. सुबोधने तिच्या पाठीकडे बघितलं, राजेशकडे बघितलं, आणि ट्रेडमिलचा वेग सहावरून दहावर नेला. चढही दोन खुणा वाढवला. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्याला समोरच्या काचेत अठ्ठाविसावा मजला दिसायला लागला. तिसऱ्याला सुरमई. चौथ्या मिनिटाला काहीच दिसेना, पण पाय चालू होते. पाय थांबवायचे कसे ते त्या क्षणी त्याला आठवत नव्हतं.

“काका!” प्रियंका धावत आली. “पत्ता सांगा, पत्ता!”

“बी...” सुबोध म्हणाला.

आणि तिथेच चारकोप संपलं.

तिने मशिनची लाल दोरी ओढली, त्याला धरून बाकावर बसवलं आणि त्याचं मनगट दोन बोटांत पकडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती पूर्ण मिनिटभर उभी होती. मग विचारलं, “रात्री झोप झाली होती का? काही खाऊन आलात? चक्कर येतेय का?” सुबोधचे डोळे भरून आले. त्यातला काही भाग घामाचा होता.

“कुणी वाढवला हा वेग? काय डोकंबिकं फिरलंय का काका?” ती आणखी बरंच बोलली. सुबोधच्या कानात नुसता ढोल वाजत होता. शेवटी ती तरातरा भिंतीकडे गेली आणि कार्डावर नऊ लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

सुबोधने कार्डाचा फोटो काढला. खालची ओळ फोटोत मावली नाही. ‘मांडवकर परिवार’ या ग्रुपवर त्याने तो टाकला आणि खाली फक्त ‘९/१०’ असं लिहिलं. दत्तारामांनी ‘बरा’ असं उत्तर दिलं. प्रेमाबाईंनी फुलं पाठवली. राजेशचा एक अंगठा आला, दीड तासाने. त्या दीड तासाचा हिशेब सुबोध दिवसभर चघळत होता.

रविवारी मधली तुकडी सुबोधच्या ताटात आली. तिच्यात काटा नव्हता. दत्तारामांनी जेवण झाल्यावर गावी फोन लावला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “होय, सुबोधचा लिवा. थोरलो जावय.” राजेशने त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. ऋतिका बहिणीशी नेहमीपेक्षा गोड बोलली. हे वाईट लक्षण होतं, आणि सुबोधला ते फार आवडलं.

सोमवारी सकाळी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिममध्ये गेला. राजेश आधीच आला होता. त्यानेही एक घेतला, औषधासारखा.

“कसले पेढे, काका?” प्रियंकाने विचारलं.

“नऊचे.”

“कसले नऊ?”

“तू दिलेस ते! दहापैकी नऊ.”

प्रियंका पेढा हातात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. “काका, मी मार्क देते असं वाटलं का तुम्हाला? मी काय बाई आहे शाळेतली? पहिल्या दिवशी पाच मिनिटं घसा फोडला मी!”

“मग ते...”

“ती धाप आहे. तुम्हाला काम किती जड जातंय त्याचा आकडा. अख्खा पत्ता एका दमात आला तर तीन-चार, म्हणजे काम हलकं पडतंय, मी वाढवणार. मध्ये एकदा श्वास घ्यायला लागला तर पाच-सहा, मला तिथेच पाहिजे. आणि घरनंबरवर गाडी अडकली तर नऊ. नऊ म्हणजे वाट लागली, मशीन बंद. खाली लिहिलंय ना, ‘परत असं करू नका’?”

“फोटोत आलं नाही,” सुबोध म्हणाला.

“पण मग सुरुवातीला...” राजेश पुढे सरकला. “माझे सात होते, ह्याचे चार.”

“त्याच वेगावर, त्याच वजनावर. हां. तुम्हाला जड जात होतं काका, म्हणून तुमचं कमी केलं. नुसते नाडीचे ठोके मोजून मी ठरवत नाही. वयाला ठोके किती हवेत ते गणित सगळ्यांना सारखं असतं, अंग नसतं. पण तुम्हाला धापच एवढी, म्हणून तर वर नाडीही बघायचे, झोप विचारायचे. टेन्शन होतं मला तुमचं.” मग ती सुबोधकडे वळली. “आणि ह्या काकांना रोज तीन मजले चढायची सवय. माझ्या अख्ख्या सकाळच्या बॅचमध्ये ह्यांच्याएवढा दम कुणाचा नाही. उगाच नाही साडेसात किलो दिले.”

सुबोधच्या तोंडात पेढा होता. तो तसाच राहिला. एकोणीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो येऊन गेला होता. चांगले दोन आठवडे मुक्काम करून गेला होता. त्या दोन आठवड्यांत राजेश मयेकर त्याच्या मागे होता, ढळढळीत मागे, तीन आकड्यांनी मागे, भिंतीवर लिहिलेलं होतं. आणि सुबोध तेव्हा गॅलरीत उभा राहून स्वतःचा पत्ता पाठ करत होता.

राजेशचं डोकं मात्र धंद्याचं. ते लगेच चाललं. “एक मिनिट. म्हणजे कमी आकडा चांगला. आज माझे पाच आहेत, ह्याचे नऊ.”

“तुमचे पाच चार किलोवर आहेत, काका.”

“पण पाच ना?”

“पाच,” प्रियंका म्हणाली, आणि पेढा तोंडात टाकून कामाला लागली.

अर्ध्या तासात दोघे साडू घामाच्या कपड्यांनी सासऱ्यांच्या दारात होते. श्वेता सकाळीच आईकडे कोथिंबीर द्यायला आलेली होती. तिने दोघांची तोंडं बघितली आणि कोथिंबीर निवडायला बसली. एवढ्यात जाणं शक्य नव्हतं.

“बाबा, नाव बदला,” राजेश म्हणाला. “नऊ म्हणजे दम लागला. हा बाकावर पडला होता. पालखीखाली पडला तर?”

“सारख्या वजनावर मी चार होतो आणि हा सात!” सुबोध म्हणाला. “ह्याला बोरिवली म्हणता येत नव्हतं!”

“तो पहिला पंधरवडा होता. मी सुधारलो.”

“चार किलोवर!”

दत्तारामांनी दोन्ही हात वर केले. “म्हणजे कमी आकडो चांगलो?”

“हो बाबा.”

“अरे, माका ता चेडू, प्रियंका, पयल्या म्हयन्यात आठ-आठ लिवी, आणि मगे एक दिवस दोन लिवल्यान. मी दोन दिस जेवलंय नाय.” त्यांनी खंतावून प्रेमाबाईंकडे बघितलं. “तू म्हटलंस, म्हातारपण, चलायचाच.”

“मला काय माहीत?” प्रेमाबाई म्हणाल्या. “मी सुरमई पण त्याच हिशोबाने वाढली.”

राजेशने तेव्हा मान वळवून सुबोधकडे बघितलं. ती नजर सुबोधने लगेच ओळखली. तिच्यात समोरच्याचं सगळं मोजलेलं असतं आणि स्वतःचं काहीच पुरत नसतं. एकोणीस वर्षं ती त्याने स्वतः वापरली होती. आज ती समोरून आली, आणि सुबोधला वाटलं, आता पालखी नाही मिळाली तरी चालेल. पुढच्या क्षणी त्याला वाटलं, छे, पालखीही हवी.

“गावाक फोन करतंय,” दत्ताराम म्हणाले. “इचारतंय, नाव बदलूक गावता काय.”

त्यांनी फोन उचलला, आणि त्याच वेळी त्यावर गावच्या ग्रुपचं पत्रक आलं. चष्मा आतल्या खोलीत होता. त्यांनी फोन श्वेताकडे दिला. तिने कोथिंबीर बाजूला ठेवली, हात पुसले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“शिमगोत्सव समिती. सूचना. एक, खांद्यासाठी दिलेलं नाव आता बदलता येणार नाही.”

सुबोधने श्वास सोडला. राजेश वेताच्या मोड्यावर बसला.

“दोन,” श्वेता वाचत होती, “यंदा मुंबईकरांची गर्दी लक्षात घेऊन खांदा देण्यासाठी प्रत्येक घराला चाळीस सेकंद मिळतील.”